सहा जीबीच्या बायनरी फाइलमधला बिटक्रम उलटायचा आहे, स्क्रिप्ट कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिरियल लाइनवरून टिपलेली सुमारे ६ जीबीची बायनरी फाइल आहे. रेकॉर्डरने प्रत्येक बाइटमध्ये खालचा (सर्वांत कमी किमतीचा) बिट आधी धरलाय, आणि पुढच्या प्रोग्रॅमला वरचा बिट आधी हवाय. तुमची पायथन स्क्रिप्ट एकेक बाइट वाचते, त्याची शून्य-एकची आठ अक्षरी स्ट्रिंग बनवते, ती उलटते आणि पुन्हा आकडा करून लिहिते. रात्रभर चालूनही ती संपत नाही. सगळी फाइल एकदम वाचायला गेलं की मेमरी संपते. कंपायलरच्या भानगडीत न पडता यातून कसं सुटायचं?

वेगाचा प्रश्न दहा ओळींत सुटतो, तो खाली आहेच. त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही: नेमकं काय उलटायचंय? ‘बिट उलटे आहेत’ या एका तक्रारीखाली निदान पाच वेगळे दोष येतात, आणि चुकीचा दोष दुरुस्त केला तर सहा जीबीचा कचरा अगदी वेगाने तयार होतो.

फाइलमध्ये लागोपाठ दोन बाइट आहेत असं धरा: १ आणि ६, म्हणजे ०००००००१ आणि ०००००११०. प्रत्येक बाइटमधले बिट त्याच्या जागीच उलटले तर १२८ आणि ९६ मिळतात. नुसती बाइट्सची अदलाबदल केली तर ६ आणि १. सोळा बिटांचा अख्खा शब्द उलटला तर ९६ आणि १२८. शून्याचा एक आणि एकाचा शून्य केला तर २५४ आणि २४९. बाइटच्या दोन अर्ध्या भागांची, म्हणजे निबलची, अदलाबदल केली तर १६ आणि ९६. पाचही प्रकार प्रत्यक्षात भेटतात. उलटी जोडलेली डेटा बस, दुसऱ्या एंडियनचा, म्हणजे शब्दातले बाइट उलट क्रमाने ठेवणारा, प्रोसेसर, उलट्या पोलॅरिटीचा सिग्नल अशी ज्याची त्याची कारणं असतात. यातल्या ६ कडे जरा नीट बघा. बिट उलटले तरी ९६ आणि निबल बदलले तरी ९६. अशा आकड्यावर चाचणी घेतली तर दोन दोषांत फरकच कळत नाही. खाली तपासणीच्या वेळी हे पुन्हा लागेल.

मग ओळखायचं कसं? फाइलमध्ये जे असणारच हे पक्कं माहीत आहे, अशी खूण शोधायची. डिजिटल टीव्हीची ट्रान्सपोर्ट स्ट्रीम असेल तर दर १८८ बाइट्सनी ७१ हा सिंक बाइट यायला हवा. त्या जागांवर ७१ ऐवजी २२६ दिसला तर बाइटमधले बिट उलटे आहेत. १८४ दिसला तर बिट उलटे नाहीत, सिग्नल पूरक झालाय, म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य झालाय. ११६ दिसला तर निबल बदललेत. झायलिंक्सच्या एफपीजीए चिपची जुळणी ठरवणाऱ्या बिटस्ट्रीम फाइलमध्ये सुरुवातीला १७०, १५३, ८५, १०२ असा चार बाइटचा सिंक शब्द असतो. बिट उलटलेल्या फाइलमध्ये तो ८५, १५३, १७०, १०२ असा दिसतो, कारण १५३ आणि १०२ उलटले तरी तसेच राहतात.

उलटून तसेच राहणारे असे बाइट एकूण १६ आहेत, आणि नेमके तेच पुष्कळदा खूण म्हणून वापरलेले असतात. एचडीएलसी या सिरियल प्रोटोकॉलचा फ्लॅग (फ्रेमची हद्द दाखवणारा बाइट) १२६, म्हणजे ०११११११०. डावीकडून वाचा की उजवीकडून, तोच. तुमची सिरियल लाइन एचडीएलसीची असेल तर फ्लॅग बघून बिटक्रमाबद्दल काहीही ठरवता येणार नाही. फ्लॅगनंतरचा पत्त्याचा बाइट किंवा एखादा ओळखीचा मजकूर शोधावा लागेल.

सिरियल रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक खोड असते. रेकॉर्डिंग बाइटच्या मध्येच सुरू झालं असेल तर पुढचे सगळे बिट एक ते सात घरं सरकलेले असतात. मग उलटा किंवा सुलटा, कुठलाच क्रम जुळत नाही, आणि माणूस वैतागून एकामागून एक प्रयोग करत राहतो. त्यापेक्षा फाइलच्या सुरुवातीचे एक-दोन एमबी घ्या, आठही सरकावे आणि दोन्ही क्रम असे सोळा पर्याय तयार करा, आणि प्रत्येकात खूण किती वेळा ठरलेल्या अंतरावर सापडते ते मोजा. खरा पर्याय लगेच उठून दिसतो. सरकावा असेल तर आधी तो काढायचा, मगच उलटायचं. हा क्रम पाळला नाही तर सरकलेले बिट शेजारच्या बाइटच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतात.

फाइलला हेडर आहे का हेही बघून घ्या. कच्च्या रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा नसतो, पण एखाद्या फॉरमॅटची फाइल असेल तर हेडर, लांबीचे आकडे आणि इंडेक्स यांना हात न लावता फक्त आतला डेटा उलटायचा असतो. काही फॉरमॅटमध्ये क्रम सांगणारी जागाच असते. टिफ या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये २६६ नंबरचा टॅग १ असेल तर वरचा बिट आधी, २ असेल तर खालचा. डीएसडी ऑडिओच्या डीएसएफ फाइलमध्ये ‘बिट्स पर सॅम्पल’ची किंमत १ असेल तर खालचा बिट आधी, ८ असेल तर वरचा. अशा वेळी वाचणारा प्रोग्रॅम धड लिहिलेला असेल तर फाइल उलटायची गरजच पडत नाही, आणि उलटलीच तर तो टॅगही बदलावा लागतो.

इथून पुढे असं धरतो की तपासून झालंय, सरकावा नाही, हेडर नाही आणि प्रत्येक बाइटमधले बिट जागच्या जागी उलटायचेत.

तुमची स्क्रिप्ट हळू का आहे ते आधी. सहा जीबी म्हणजे सहा अब्ज फेऱ्या. एका फेरीला एक मायक्रोसेकंद धरला तरी ६,००० सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. तुम्ही त्या फेरीत स्ट्रिंग बनवता, उलटता, परत आकडा करता आणि एका बाइटसाठी राइट बोलावता, त्यामुळे फेरी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. त्यात निकाल एका बाइट्स ऑब्जेक्टला अधिक-बरोबर करून जोडत असाल तर आणखी पंचाईत. असा ऑब्जेक्ट बदलता येत नसल्यामुळे दर जोडणीला मागचं सगळं नव्याने कॉपी होतं, आणि काम फाइलच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

पण बाइटच्या किमती फक्त २५६ आहेत. सहा अब्ज वेळा तेच गणित करण्याऐवजी २५६ उत्तरं एकदाच काढून ठेवायची आणि नंतर नुसती बदली करायची. टेबल बनवायची सोपी रीत: शून्याचं उत्तर शून्य. पुढे १ ते २५५ पर्यंत प्रत्येक आकड्यासाठी, त्याच्या निम्म्याचं (अपूर्णांक सोडून) टेबलमधलं उत्तर घ्यायचं, त्याचं निम्मं करायचं, आणि मूळ आकडा विषम असेल तर १२८ मिळवायचे. १३ चं बघा. १३ चं निम्मं ६, टेबलमध्ये ६ चं उत्तर ९६, त्याचं निम्मं ४८, १३ विषम म्हणून अधिक १२८, एकूण १७६. ००००११०१ उलटं लिहिलं की १०११००००, म्हणजे १७६च. टेबलची पहिली आठ उत्तरं ०, १२८, ६४, १९२, ३२, १६०, ९६, २२४ अशी आली पाहिजेत.

ही २५६ उत्तरं पायथनच्या बाइट्स प्रकारात भरा. त्या प्रकाराची ‘ट्रान्सलेट’ नावाची मेथड आहे, तिला हे टेबल दिलं की ती अख्ख्या तुकड्यातल्या प्रत्येक बाइटच्या जागी टेबलमधला बाइट ठेवते. तिची आतली फेरी सी मध्ये लिहिलेली आहे, म्हणून कंपायलर न वापरताही तुम्हाला कंपाइल झालेल्या कोडचा वेग मिळतो. टेबल बरोबर २५६ बाइट्सचंच लागतं, कमी-जास्त झालं तर ती एरर देते, आणि ते बरंच आहे. साध्या स्ट्रिंगचीही याच नावाची मेथड आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. फाइल मजकूर म्हणून डिकोड करायचं इथे काही कारणच नाही.

बाकी स्क्रिप्ट एवढीच: मूळ फाइल बायनरी वाचण्यासाठी उघडा, नवी फाइल बायनरी लिहिण्यासाठी उघडा, १०,४८,५७६ बाइट्सचा म्हणजे एक एमबीचा तुकडा वाचा, तुकडा रिकामा आला तर थांबा, नाहीतर ट्रान्सलेट करून लिहा. मेमरी दोन-चार एमबी लागते, फाइल सहा जीबी असो की सहाशे. तुकडा ६४ केबी ते काही एमबीपर्यंत कितीही ठेवा, फार फरक पडत नाही. एवढं झालं की अडथळा बहुतेक वेळा प्रोसेसरचा राहत नाही, डिस्कचा होतो. म्हणून मल्टिप्रोसेसिंगच्या मागे लागू नका. वाचायची आणि लिहायची डिस्क वेगळी ठेवता आली तर जुन्या फिरत्या डिस्कवर त्याचा जास्त फायदा होतो.

शेवटच्या तुकड्याबद्दल सावध राहा. साध्या रीडने शेवटचा तुकडा आपोआप लहान येतो, काही करावं लागत नाही. पण वेगासाठी तोच बफर पुन्हापुन्हा भरणारी ‘रीडइन्टू’ वापरली तर ती किती बाइट भरले तो आकडा परत देते. त्या आकड्यापुरताच बफर लिहायचा असतो. विसरलात तर शेवटी आधीच्या तुकड्याची शेपटी चिकटते. नव्या फाइलचा आकार तुकड्याच्या अचूक पटीत आला, आणि मूळ फाइलचा तसा नव्हता, तर दोष इथे आहे.

नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी आधीच वापरात असेल तर टेबलचा ॲरे करून त्याला डेटाच्या ॲरेने इंडेक्स केलं की हेच काम होतं. नमपायमध्ये बिट सुटे करून पुन्हा बांधायची ‘अनपॅकबिट्स’ आणि ‘पॅकबिट्स’ ही जोडीही आहे. आवृत्ती १.१७ पासून त्यांना बिटक्रम सांगता येतो, त्यामुळे कोड एका ओळीत बसतो. पण मधल्या ॲरेत एका बिटाला एक बाइट लागतो. सहा जीबीचे अठ्ठेचाळीस होतात, तेव्हा तिथेही तुकडे पाडणं आलंच.

पायथन नसेल तर? पर्लमध्ये ‘अनपॅक’ला छोट्या बी-स्टारने आणि ‘पॅक’ला मोठ्या बी-स्टारने बोलावलं की बिट उलटतात, कारण छोटा बी खालच्या बिटापासून मोजतो आणि मोठा वरच्या. इथेही मधली स्ट्रिंग आठपट असते, म्हणून रेकॉर्ड सेपरेटरला ६५,५३६ या आकड्याचा रेफरन्स देऊन ठरावीक लांबीचे तुकडे वाचा. विंडोजवर पर्लला दोन्ही फाइल्सवर ‘बिनमोड’ लावायलाच हवा. नाहीतर लिहिताना प्रत्येक १० च्या आधी १३ घुसतो. डेटा सगळ्या किमतींत सारखा पसरलेला असेल तर २५६ पैकी एक बाइट असा फुगतो, म्हणजे सहा जीबीला सुमारे २३ एमबी. तुमची नवी फाइल इतक्या विचित्र आकड्याने मोठी झाली असेल तर दुसरीकडे शोधू नका.

लिनक्सवर जीएनयूची ‘टीआर’ कमांडही चालते. पहिल्या संचात ऑक्टलमध्ये ० ते ३७७, दुसऱ्यात टेबलच्या क्रमाने २५६ ऑक्टल आकडे. लोकॅल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) मात्र ‘सी’ ठेवा, नाहीतर काही सिस्टिमवर टीआर बाइट्सना बहुबाइटी अक्षरं समजून अडते. ऑक आणि सेड या कामाला घेऊ नका, ती ओळींसाठीची हत्यारं आहेत. हेक्सडंप काढून मजकुरात उलटायची युक्तीही तुमच्या मूळ स्क्रिप्टचाच दुसरा अवतार आहे.

विंडोजच्या साध्या बॅच फाइलमध्ये हे होत नाही. पॉवरशेलमध्ये होतं, पण तिथे खड्डे जास्त. ‘गेट-कंटेंट’ने बाइट्स वाचले तर प्रत्येक बाइट वेगळा ऑब्जेक्ट होऊन पाइपलाइनमधून जातो, पुन्हा रात्रभर. ‘रीडऑलबाइट्स’ दोन जीबीच्या वरच्या फाइलला नकार देते. आवृत्ती ५.१ मध्ये ‘>’ या चिन्हाने आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर ते यूटीएफ-१६ मजकूर म्हणून लिहिलं जातं, म्हणजे बायनरीचा सत्यानाश. डॉटनेटचा ‘फाइलस्ट्रीम’ घ्या, दोन बफर ठेवा, आणि आतली फेरी ‘ॲड-टाइप’ वापरून चार ओळींच्या सी-शार्पमध्ये द्या; ते स्क्रिप्ट चालतानाच कंपाइल होतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फाइलचा पूर्ण पाथ द्या. डॉटनेट अर्धवट पाथ प्रोसेसच्या फोल्डरपासून मोजतं, तुम्ही पॉवरशेलमध्ये ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून नाही.

सोळा किंवा बत्तीस बिटांचा अख्खा शब्द उलटायचा निघाला तर नवं टेबल बनवू नका. प्रत्येक बाइट याच टेबलने उलटा आणि मग शब्दातल्या बाइट्सचा क्रम उलटा. आधी काय आणि नंतर काय याने फरक पडत नाही. मात्र आता तुकड्याची लांबी शब्दाच्या पटीत हवी, आणि पाइपमधून वाचत असाल तर रीड मागितल्यापेक्षा कमी बाइट्स देऊ शकते, तेव्हा तुकडा पूर्ण भरेपर्यंत वाचत राहावं लागतं. नाहीतर एका ठिकाणी शब्द मधोमध तुटतो आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं. एकेका बाइटच्या कामात ही भीती नव्हती, कारण तिथे एका बाइटला शेजाऱ्याशी काही देणंघेणं नसतं.

मूळ फाइलवरच लिहायचा मोह टाळा. काम मध्येच तुटलं तर अर्धी फाइल उलटी आणि अर्धी सुलटी राहते, हद्द कुठे आहे ते डेटा बघून कळत नाही, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर उलटलेला भाग परत सुलटा होतो. नवी फाइल तात्पुरत्या नावाने लिहा, ती पूर्ण झाली की खरं नाव द्या. जागा दुप्पट लागेल, तेवढी आधी बघून ठेवा. फॅट-३२ च्या डिस्कवर लिहीत असाल तर चार जीबीला फाइल अडेल, त्याचं खापर स्क्रिप्टवर फोडू नका.

तपासणीत सगळ्यांची आवडती युक्ती म्हणजे स्क्रिप्ट दोनदा चालवायची आणि मूळ फाइल परत मिळते का ते हॅशने, म्हणजे फाइलवरून काढलेल्या छोट्या ठशाने, बघायचं. ही चाचणी हवीच, पण ती एकटी पुरत नाही. निबलची अदलाबदल, पूरक करणं, बाइट्सची अदलाबदल, यातलं काहीही दोनदा केलं तरी मूळ फाइलच परत येते. काहीही न करणारी स्क्रिप्टसुद्धा ही चाचणी ऐटीत पास होते. दोनदा चालवून फक्त एवढंच कळतं की वाटेत काही हरवलं नाही.

जे उलटायचं तेच उलटलं का हे कळण्यासाठी ० ते २५५ हे आकडे क्रमाने असलेली २५६ बाइट्सची फाइल बनवा आणि तिच्यावर स्क्रिप्ट चालवा. १ च्या जागी १२८ हवा. १६ आला तर तुम्ही निबल बदलताय, २५४ आला तर पूरक करताय. बरोबर १६ जागा बदललेल्या नसाव्यात: ०, २४, ३६, ६०, ६६, ९०, १०२, १२६, १२९, १५३, १६५, १८९, १९५, २१९, २३१ आणि २५५. पंधरा किंवा सतरा निघाल्या तर टेबल हाताने टाइप करताना कुठेतरी आकडा चुकलाय.

हे जमलं की खऱ्या फाइलचे पहिले दहा एमबी कापून घ्या, ते उलटा आणि पुढच्या प्रोग्रॅमला द्या. त्याने निमूटपणे वाचले तर पूर्ण फाइल लावा, शेवटी दोन्ही फाइल्सचा आकार बाइटपर्यंत जुळतो का बघा, आणि मूळ फाइल पुसायची असेल तर त्यानंतरच पुसा. प्रोग्रॅमने दहा एमबीलाच नाक मुरडलं तर स्क्रिप्टमध्ये शोधत बसू नका, वरचे सोळा पर्याय मोजून त्यातला कोणता जुळतो ते इथे लिहा, म्हणजे पुढचं बघता येईल.